आप्पांच्या गाडीला अर्थ नाही

रायपूरला माझ्या दुकानावर हिंदीत पाटी आहे : 'यहाँ हर प्रकार का सेल्फ ठीक किया जाता है'. एकदा एक बाई ती पाटी वाचून आत आल्या. चपला बाहेर काढल्या, ग्रीसच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "भैया, ध्यान कितने बजे से है?"

मी एका ट्रकच्या सेल्फचं पोट उघडून बसलो होतो. म्हटलं, "दीदी, ध्यान तो दिनभर रखना पड़ता है, नहीं तो उँगली जाती है."

पाटी अजून तशीच आहे. बायको म्हणते, बदला. ती स्वतः गेली चार वर्षं स्कूटीला किक मारून ऑफिसात जाते. "सेल्फवाल्याची बायको आहे मी," असं शेजारणीला सांगत सांगत किक मारते. जरा मोठ्यानंच सांगते, आतल्या खोलीपर्यंत ऐकू यावं म्हणून.

ज्यांना गाडीचं फक्त स्टिअरिंग माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन हा प्राणी मोठ्या ताकदीचा, पण स्वतःहून उठत नाही. कोणीतरी गदागदा हलवून उठवावं लागतं. एकदा उठला की मग त्याला आवरा. पूर्वी हे काम हँडल मारून करत, नाहीतर चार माणसं गोळा करून गाडी ढकलत. आता एक लहानशी मोटर करते. तुम्ही किल्ली फिरवली की ती बॅटरीकडून करंट घेते, आपलं छोटं दातेरी चक्र पुढे सारून इंजिनच्या मोठ्या चक्रात अडकवते, दोन-चार गरके देते आणि इंजिन जागं झालं की गुपचूप मागे सरकते. पुस्तकात तिला स्टार्टर म्हणतात. आमच्या धंद्यात सेल्फ. दिवसभरातलं त्याचं काम मिनिटभराचंही नसतं, पण ते मिनिट हुकलं की साहेब असो की रिक्षावाला, दोघंही रस्त्यावर उभे राहून एकसारखेच दिसतात.

बिघडलेला सेल्फ बोलतो, ही या धंद्यातली खरी गंमत. 'घूंऽऽऽ' असा नुसता फिरला आणि इंजिन हललं नाही, तर त्याचं चक्र अडकत नाहीये. 'खर्रर्र' केलं तर दाते झिजलेत. भराभर 'टकटकटक' म्हणजे बॅटरी उतरली. एकच 'टक' आणि मग शांतता, हा प्रकार सगळ्यात लबाड. म्हणून मी गिऱ्हाइकाला फोनवरच आवाज काढून दाखवायला सांगतो. एकदा एका मोठ्या साहेबांचा त्यांच्या ऑफिसातून फोन आला. मी म्हटलं, "सर, आवाज कैसा है? निकाल के बताइए."

 आधी घसा साफ केल्याचा आवाज. मग, "टक. टक."

"सर, ऐसे धीरे, या जल्दी-जल्दी?"

"टकटकटकटकटक!"

मागून कोणीतरी "जी सर, बुलाया?" म्हणत आत आलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. निदान तिथंच झालं होतं, बॅटरी. तरी मी विचारलं, "और घर्रर्र जैसा कुछ, सर?" ते मात्र निव्वळ माझ्या आनंदासाठी.

आणखी एक मंत्र मी अर्ध्या गावाला शिकवला आहे. गाडीचे दिवे लावा आणि किल्ली फिरवा. दिवे मलूल झाले तर बॅटरी बघा. दिवे झगझगीत राहिले आणि आवाज नुसता 'टक', तर दोष सेल्फमध्ये. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं कोणी विचारेल तिथं मी हे हातवारे करून सांगितलं आहे. आणि याच मंत्रानं माझं नाक कापायचं बाकी ठेवलं होतं, तेही आप्पांच्या बताशापायी.

आप्पा म्हणजे आमच्या तात्यापाऱ्यातले (पारा म्हणजे इथं मोहल्ला) सगळ्यांचे आप्पा. रेल्वेतून निवृत्त. नोकरीभर त्यांनी मालगाडीच्या डब्यांवर रंगानं अक्षरं आणि आकडे काढले. काय अक्षर! डब्यावरची सूचना वाटू नये, लग्नपत्रिका वाटावी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, गोलमटोल, पांढरीशुभ्र पेट्रोलची गाडी घेतली. पांढरी आणि फुगीर, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं बताशा. आप्पांनी ती कधी भाड्यानं दिली नाही. पाऱ्यातल्या कुठल्याही मराठी घरची मुलगी सासरी निघाली की ती बताशात बसून जायची, आणि चालवायला स्वतः आप्पा, डोक्याला फेटा बांधून.

आता इथली एक रीत सांगायला हवी. आमचे आजे-पणजे विदर्भातून आले तेव्हा ही रीत बरोबर नव्हती. ती इथं हिंदी शेजाऱ्यांकडून लागली. पाठवणीला, म्हणजे इथल्या भाषेत बिदाईला, मुलगी गाडीत बसली की तिचे भाऊ मागून गाडीला धक्का देतात. शगुन म्हणून. दोन पावलं ढकलायचं, डोळे पुसायचे, झालं.

बताशाच्या बाबतीत मात्र दोन पावलांनी भागत नसे. चौकापर्यंत ढकलावं लागे. भाऊ घामाघूम होत, बायका रडत, बँडवाला आणखी जोरात वाजवी, आणि चौकात बताशा धुराचा एक ढग सोडून चालू होई. सगळ्यांना वाटे, वा, काय दणक्यात बिदाई झाली! त्या गाडीचा सेल्फ कित्येक वर्षं मेलेला आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. मीही दोन लग्नांत खांदा लावून ढकललं आहे तिला, सेल्फवाला असून.

मग आप्पांच्या नातीचं लग्न ठरलं. मिनू. पुण्याला नोकरी करते, स्वतःची गाडी स्वतः चालवते, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत देते. नवरा मुलगा इथून जवळच्याच अभनपूरचा, टिकेश नावाचा, घरचा धान्याचा व्यापार. लग्नाला आठ दिवस असताना ती दुकानात आली आणि स्टूल ओढून बसली.

"नंदू चाचा, बताशा का सेल्फ ठीक कर दो."

"काहून? धक्क्यानं तं चालते ना छान."

"इसी लिए." ती एकदम गंभीर झाली. "मुझे धक्का देके घर से नहीं निकलना है. मैं खुद चलाके जाऊँगी. चाबी घुमाऊँगी और जाऊँगी. नहीं तो टिकेश की गाड़ी में जाऊँगी, बताशा रहने दो."

बताशाशिवाय आप्पांची नात सासरी जाणार! पाऱ्यातल्या सगळ्यांच्या मुली त्या गाडीतून गेल्या आणि घरचीच जाणार नाही! मी म्हटलं, "पोरी, हे आप्पांले सांगितलं का?"

"आप बताओ," म्हणाली, आणि माझाच चहा पिऊन गेली.

सांगितलं. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "नंद्या, धक्का शगुन असते. धक्का न देता धाडलेली पोट्टी वापस येते."

मिनू आतून ओरडली, "तो अच्छा है ना आजोबा! आती रहूँगी."

आप्पांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, आणि बताशाची किल्ली माझ्या अंगावर फेकली. "आठ दिवस आहेत तुह्यापाशी. सेल्फ नाही लागला तं लग्नघरात त्या टिकेशची आलिशान गाडी येईन आन् माही गाडी दारात उभी राहीन रडत."

मी छाती ठोकली. सेल्फ म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. बताशा दुकानात ढकलत आणली, दिवे लावले, किल्ली फिरवली. दिवे झगझगीत, आवाज नुसता 'टक'. मंत्राप्रमाणे दोष सेल्फमध्ये. मोकळा केला. आत कार्बनचे ठोकळे असतात, ते झिजून चण्याएवढे राहिले होते. दांडा ज्यात फिरतो ते बुशही ढिले. नवं सगळं घातलं, सेल्फ टेबलावर शिकंज्यात धरून बॅटरीची वायर लावली. असा गरजला की समोरच्या पानवाल्यानं मान वर केली. गाडीत बसवला. किल्ली फिरवली.

टक.

दुसऱ्या दिवशी सेल्फला करंट सोडणारा खटका उघडला, आतले काळे पडलेले तांबे घासून आरशासारखे केले. टेबलावर गर्जना. गाडीत टक. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गाडीचा धडधाकट सेल्फ काढून बताशाला लावला. टक. ज्याचा काढला होता तो बिचारा माझ्या दुकानात बसून विचारत होता, "भैया, मेरा वाला भी बिगड़ गया क्या?"

बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी गोल बाजारात नारळ घ्यायला गेलो तर भांडीवाल्यानं पातेल्यावर चमचा आपटला : टक. नुसता एकदाच, आणि तोंड फिरवून हसला.  घरी बायको सकाळी स्कूटीला किक मारताना म्हणाली, "अहो, आपल्याकडे निदान किक तरी आहे. आप्पांच्या गाडीला तीही नाही."

पाचव्या दिवशी आप्पा आणि मिनू दुकानात आले. मिनूच्या हातांना आदल्या दिवशीची मेंदी. ती चालकाच्या जागी बसली, मी बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडत होतो, "मार सेल्फ! परत मार! परत!" टक, टक, टक. कोणाला काय सुचेल सांगता येत नाही, तिनं मध्येच चोक ओढून पाहिला. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना डॅशबोर्डवर एक बटण असतं. त्याची तार इंजिनपर्यंत जाते, थंडीत जास्त पेट्रोल सोडायला.

"आई गं!" मिनूनं हात झटकला. पोरगी कितीही हिंदी बोलो, चटका मराठीत बसतो. "चाचा, ये गरम है! जलता हुआ!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "ते तं होतेच गरम. तीन तारा जळल्या आतापावेतो. मेकॅनिक बदलून देते."

मी बॉनेटमधून डोकं काढलं. "आप्पा, हे मले काहून नाही सांगितलं?"

"तू कुठं विचारलं? तू तं सेल्फवाला. चोक मेकॅनिकचा."

खरं होतं. माझे उस्ताद सांगायचे, आधी गिऱ्हाइकाला विचार, मग पान्याला हात घाल. मी पाच दिवस एका माणसालाही काही विचारलं नव्हतं. साहेबांना फोनवर टकटक करायला लावणारा मी, घरच्या माणसाला एक प्रश्न विचारायला विसरलो होतो. त्याची खंत अजून आहे.

करंट बॅटरीतून निघतो आणि सेल्फ फिरवून त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. जायला जाड वायर असते. यायला गाडीचं लोखंडी अंगच वाट होतं. या परतीच्या वाटेला आम्ही 'अर्थ' म्हणतो. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून त्याला गाडीच्या अंगाशी जोडायला तांब्याची एक विणलेली पट्टी लावतात. ती तुटली की सेल्फचा दांडगा करंट परत यायला दुसरी वाट शोधतो. बताशात त्याला एकच सापडली होती, चोकची बारीक तार. हत्ती शिडीवरून उतरायला निघालेला. शिडी तापणार, हत्ती अडकणार, आणि दिवे मात्र झगझगीत राहणार, कारण त्यांची वाट वेगळी. माझ्या मंत्रात ही गोष्ट नव्हती.

मी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या अर्थाच्या बाजूला, दुसरं इंजिनला टेकवलं. "मिनू, मार!"

घर्रर्र! बताशा एका गरक्यात उठली. पानवाला उठला, मिनू किंचाळली, आणि मी आनंदाच्या भरात आप्पांच्या दोन्ही खांद्यांना धरून जाहीर केलं, "आप्पा! तुमच्या गाडीले अर्थच नाही!"

आप्पांचा चेहरा पडला. गाडी बंद झाल्यावर ते हळूच म्हणाले, "काय म्हणतं तू? इतक्या पोरी धाडल्या मी हिच्यातून. एकीलेही वाटंत उतरवलं नाही. आन् हिले अर्थ नाही?"

मिनू स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटली. मी जीभ चावली आणि कोणता अर्थ ते समजावून सांगितलं. मग खाली शिरलो. पट्टी जागेवर होती, धडधाकट होती, दोन्ही बोल्ट घट्ट होते. आणि पट्टी, बोल्ट, बोल्टखालचं लोखंड, सगळं पांढरंशुभ्र होतं. रंगातून करंट जात नाही.

दर लग्नसराईच्या आधी आप्पा बताशाला घरीच रंग लावत. माणूस रेल्वेचा, काम अर्धवट करणार नाही. खाली उताणे झोपून, पट्टी सोडून, तिच्या आड येणारी जागा रंगवून, पट्टीही रंगवून, परत घट्ट आवळून टाकायचे. वर्षानुवर्षं.

"खाली कोण पाहते म्हणून मी सोडत नव्हतो," ते म्हणाले. "कोणाची पोरगी बसते, चांगली दिसली पाहिजे."

मी पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागलो. आप्पा शेजारी सतरंजी टाकून आडवे झाले, वाकून पाहायला. रंगाचे थर एकेक उतरत होते, कुठे जरा पिवळट, कुठे निळसर पांढरे. "हा ज्योतीच्या लग्नाचा," आप्पा म्हणाले. "त्या साली पांढऱ्यात नीळ टाकली होती. हा खालचा सुनीताचा." मी थांबलो. कोणाच्या लग्नावर पॉलिश पेपर चालवायला हात होईना. आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला आणि खालचं लोखंड चमकेपर्यंत स्वतः घासलं. ज्योती, सुनीता आणि त्यांच्याही खालच्या सगळ्या.

नवी पट्टी लावली, वरून ग्रीस फासलं, आणि आप्पांना सांगितलं, इथं रंग लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्या जागेच्या बाजूला, बोटभर उंचीच्या अक्षरांत, डब्यावर लिहावं तसं लिहिलेलं : 'रंगवू नये'. जमिनीपासून दीड फुटावर, गाडीच्या पोटाखाली, जिथं माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

लग्न सकाळचं होतं. दुपारी चारला पाठवणी. मी कुर्ता घालून, पान्यांची पिशवी खुर्चीखाली लपवून बसलो होतो. जेवण गेलं नाही. बायकोनं माझी जिलबी खाल्ली आणि म्हणाली, "नाही लागला तर मी किक मारायला शिकवीन तिला."

शालू, मुंडावळ्या आणि पायात चपट्या चपला, अशी मिनू चालकाच्या जागी बसली. टिकेश शेजारी, मांडीवर नारळ घेऊन. कोणीतरी टोमणा मारला, "दामाद जी, आप नहीं चलाएँगे?" तो शांतपणे छत्तीसगढीत म्हणाला, "मोला गियर वाली नइ आवय." गिअरची गाडी त्याला येतच नव्हती.

सवयीनं मिनूचे तिन्ही चुलतभाऊ मागे गेले आणि डिकीला हात लावून उभे राहिले. मिनू आरशात पाहून ओरडली, पण बँडमध्ये कोणाला ऐकू जातंय. आप्पाही मागे गेले. चालकाची जागा आज त्यांची नव्हती, मग उभं कुठं राहायचं हे त्यांना कळत नसावं. त्यांनीही दोन्ही हात डिकीला टेकवले. मी डोळे मिटले.

घर्रर्र!

बताशा सुटली. तिघं भाऊ जोर लावून उभे होते, ते एकमेकांवर आदळून रांगत पुढे गेले. बायका रडायच्या त्या हसायला लागल्या. मी पिशवी आणि पाने घेऊन नाचलो, त्याचा व्हिडिओ अजून फिरतो. आप्पा मात्र तसेच उभे होते, हात पुढे, तळवे उघडे.

"मागून कशी दिसते ते आजच पाहिलं," म्हणाले. "मी तं नेहमी आतच असतो."

मी खुर्ची आणली. ते बसले नाहीत. बँडवाले भोंगे पिशव्यांत भरत होते, आचारी पाणी मागत होता. चौकाकडे धूरही उरला नव्हता.

आणि चौकातून हॉर्न आला. तो भसाडा हॉर्न सगळ्या पाऱ्याला पाठ आहे. बताशा वळली आणि मांडवासमोर येऊन थांबली. एक चुलतभाऊ किंचाळला, "आप्पा! वापस आली! म्हटलं होतं ना तुम्ही, वापस आली!"

मिनूनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागचं दार उघडलं. "आजोबा, गाड़ी वापस कौन लाएगा? ये लाएँगे?" टिकेशनं नारळासकट मान हलवली, नाही. "बैठो. जल्दी."

आप्पांनी फेटा सारखा केला. मागच्या सीटवर, जिथं आजवर फक्त नवऱ्या बसल्या होत्या, तिथं ते अंग चोरून बसले, मांडीवर हात ठेवून.

 इंजिन बंद कशाला केलं पोरीनं! आता परत मारायला लागणार. भावांनाही तेच वाटलं असावं, कारण ते पुन्हा डिकीकडे धावले. मिनू किल्लीला हात घालते तोच आप्पांनी खिडकीतून फेट्यासकट डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या तात्यापाऱ्याला ऐकू जाईल असं दरडावलं :

"हात लावू नका बे कोणी! तिले सेल्फ आहे!"